आडवा माणूस बसला पाहिजे

दौलतराव मास्तर नव्या माणसाला नाव विचारत नसत, उंची विचारत.

मी चिखलीच्या कॉलेजात शिकवायला लागलो आणि गगनविहार इमारतीत राहायला आलो, त्या दिवशी माझं लोखंडी कपाट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अडकलं होतं आणि त्याच्या खालच्या अंगाला मी आणि दोन हमाल अडकलो होतो. लिफ्ट बंद होती. वरून पांढऱ्या शर्टातले, किरकोळ अंगाचे एक गृहस्थ उतरले. कपाटाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "उंची किती तुमची?"

मला वाटलं, कपाट कसं फिरवायचं याचा हिशोब चालला असेल. मी सांगितली.

"बसत नाई," ते खेदाने म्हणाले.

"कपाट?"

"तुम्ही. लिफ्टमंधी. उभे बसता, आडवे नाई बसत."

आणि कपाटाच्या बाजूने अंग चोरून ते खाली निघून गेले. हमालांपैकी एकजण म्हणाला, "ते ड्रॉइंग मास्तर हायेत. मनावर नका घेऊ."

मास्तर चौथ्या मजल्यावर राहत, मी तिसऱ्या. तालुक्यातल्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, शेतीला लागतात, काही राजकारणाला लागतात. मास्तर लिफ्टला लागले. आमच्या इमारतीत लिफ्टकडून अजून काही आशा ठेवणारे ते एकटेच होते. आम्ही बाकीचे राहायला आल्यावर महिन्याभरात ती सोडून देत असू.

गगनविहार हे नाव बिल्डरने कोणत्या धुंदीत ठेवलं कोण जाणे. चार मजले, खाली दुकानांची शटरं, समोर कायम खणलेला रस्ता. पण जाहिरातीत 'लिफ्टची सोय' असं ठळक लिहिलं होतं आणि त्या दोन शब्दांवर अर्धी इमारत विकली गेली. आसपासच्या गावांतली शेती करून गुडघे संपलेली माणसं मुलांच्या, नातवंडांच्या शिक्षणासाठी इथे आली. लिफ्ट आहे म्हणून त्यांनी वरचे मजले घेतले. आणि लिफ्टने पहिल्याच पावसाळ्यात आपला स्वभाव दाखवला. कधी ती दोन मजल्यांच्या मध्येच थांबे, कधी दार उघडून नुसती उभी राही. लाइट गेली की जिथे असेल तिथे आतल्या माणसासकट गप्प होई. दुरुस्तीला जालन्याहून मेकॅनिक यायचा. तो यायला जितके दिवस लावी, त्याहून कमी दिवस लिफ्ट चाले.

मास्तरांना मशीनमधलं काही कळत नसे. ते स्वतःच सांगत, "वायरीतलं मले इचारू नका. घरचा बल्ब बदलाचा तरी मी शेजारच्याले बलावतो." पण लिफ्ट कशी असावी याबद्दल त्यांची मतं पक्की होती. मेकॅनिक आला की ते त्याच्या पाठीमागे उभे राहत. तो बिचारा वंगणात माखलेला, तोंडात टॉर्च धरलेली, आणि हे म्हणत, "मशीन बराबर हाये. मानूस इसरले तुम्ही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लिफ्ट असो, बस असो, बँकेचा काउंटर असो, मास्तर थोडा वेळ उभे राहून बघत आणि निकाल देत. "मानूस इसरले."

पहिली सुधारणा माझ्यासमोरच झाली. मास्तरांनी लिफ्टमध्ये बसायला फळी बसवून घेतली. भिंतीला बिजागरी, वापरायची नसेल तेव्हा वर दुमडायची. कल्पना वाईट नव्हती. पण लिफ्टमधला पंखा हा इमारतीतला सगळ्यात गार पंखा होता, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या सुलोचनाबाई दुपारी तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन त्या फळीवर जाऊन बसल्या त्या उठेचनात. कोणी वर बोलावलं की वर, कोणी खाली बोलावलं की खाली, शेंगा सोलणं चालूच. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सरकून जागा देत आणि घरची चौकशी करत. आठवडाभराने लिफ्टच्या दारात दाणा अडकून ती बंद पडली. चेअरमननी फळी काढून टाकली. चेअरमन म्हणजे खालच्या कृषी केंद्राचे मालक. पहिल्या मजल्यावर राहत, त्यामुळे लिफ्टकडे तटस्थपणे पाहू शकत.

मग मास्तरांनी दाराचा विषय घेतला. दार फार लवकर मिटतं, म्हातारं माणूस पाय उचलेपर्यंत ते त्याच्या खांद्यावर येऊन आपटतं, ही तक्रार खरीच होती. मेकॅनिकला चहावर चहा पाजून त्यांनी दार उघडं राहायची वेळ वाढवून घेतली. ती इतकी वाढली की बटण दाबून माणसं दारात उभ्याने गप्पा मारू लागली. कॉलेजची पोरं शिव्या घालत जिन्याने जाऊ लागली. एक दिवस रस्त्यावरचं कुत्रं उघड्या दारातून आत शिरलं, वरून कोणीतरी लिफ्ट बोलावली, आणि ते चौथ्या मजल्यावर उतरून मास्तरांच्या पायपुसण्यावर जाऊन बसलं. चेअरमन तणतणत वर आले.

मास्तर कुत्र्याकडे बघून म्हणाले, "त्याले जमलं ना? मंग म्हाताऱ्या मानसालेही जमन."

लाइट गेली तरी लिफ्ट जवळच्या मजल्यावर जाऊन उघडावी, असं बॅटरीवरचं यंत्र असतं, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ते त्यांनी मीटिंगमध्ये मांडलं. तो खर्च कोणालाच नको होता. तेव्हा मास्तरांनी स्वतःच लिफ्टमध्ये पाण्याची बाटली ठेवली आणि एक पितळी घंटा टांगली. अडकलेल्याने वाजवायची. पहिल्यांदा अडकले ते चेअरमनच. वेळ दिवेलागणीची. त्यांनी घंटा वाजवली, जोरात वाजवली, आणि खालच्या गणपतीची आरती सुरू झाली असं समजून सगळ्या इमारतीने आपापल्या घरात हात जोडले. सुलोचनाबाई तर टाळ्या वाजवत होत्या. लाइट आली तेव्हा चेअरमन घामाने निथळत बाहेर आले, आणि घंटाही गेली.

प्रत्येक सुधारणेचं असं व्हायचं. मास्तर चार दिवस खट्टू असत, मग पुन्हा कागदावर लिफ्ट काढत. त्यांची चित्रं सुंदर असत. यंत्राच्या नावाने त्यांत काहीच नसे, वरचा दोर तर सरळ विहिरीच्या रहाटासारखा. पण आत माणसं असत. काठी टेकलेली म्हातारी, पोटुशी बाई, डोक्यावर पोतं घेतलेला गडी. मेकॅनिकने एकदा एक चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, यात मोटर कुठे आहे?"

"तूच टाक ना बाप्पा," मास्तर म्हणाले. "मी इथंवर आनलं."

मास्तरांच्या बायकोला सगळे शांताकाकू म्हणत. काकू उंद्री गावच्या, मोठ्या आवाजाच्या आणि त्याहून मोठ्या हसण्याच्या. नवऱ्याच्या लिफ्टप्रेमावर त्यांची टीका सतत चालू असे. "पोरगं झालं तवा म्या पाळना मांगतला होता त्याच्यासाठी, तो नाई केला यायनं. आता अख्ख्या बिल्डिंगीसाठी पाळना करून राह्यले." त्या हे जिन्यात, गच्चीवर, भाजीवाल्यासमोर, कुठेही म्हणत. मास्तर गालात हसत. ती टीका ऐकायला ते मुद्दाम थांबत असा मला संशय होता.

एकदा माझ्या भाच्याच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही संभाजीनगरला गेलो, तेव्हा या दोघांना गाडीत घेतलं. तिथल्या मोठ्या मॉलमध्ये सरकता जिना होता. काकूंनी त्याच्यापुढे उभं राहून पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. साडीच्या निऱ्या एका हातात, मास्तरांचं मनगट दुसऱ्या हातात. मागे माणसं साचली. कोणीतरी च् च् केलं.

मास्तर पहारेकऱ्याकडे गेले. "जरा बंद करता का हे? चढून जाऊ द्या, मंग चालू करा."

"ऐसा बंद नहीं होता बाबाजी."

"मंग पहिली पायरी तरी हळू पाहिजे. पुढं काय पयायचं ते पयू द्या." पहारेकरी हसला. मास्तर हसले नाहीत. ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले आणि नऊवारीतल्या एका अनोळखी बाईला सांगू लागले, "खाली नका पाहू मावशी. समोर पाहा. उजवा पाय टाका, मंग डावा आपोआप येते." ती बाई वर गेली. मग दुसरी गेली. मास्तर सगळ्यांना वर पाठवत राहिले, शेवटी पहारेकऱ्याने त्यांना बाजूला केलं. काकू काही चढल्या नाहीत. आम्ही वरून कपडे घेऊन आलो तेव्हा ते दोघं खालच्या बाकावर पोळीभाजी खात बसले होते.

काकू मला म्हणाल्या, "लोकायच्या बायका चढवल्या यायनं. सोताची तशीच राह्यली."

परतीच्या वाटेवर कोणीतरी विमानतळावरच्या सरकत्या रस्त्याची गोष्ट काढली. नुसतं उभं राहायचं, रस्ताच माणसाला पुढे नेतो. मास्तर ताडकन म्हणाले, "सपाट रस्त्यावर तर चालता येते. तो काऊन चालवून राह्यले?" देऊळगाव राजा मागे पडलं. मग हळूच म्हणाले, "पन चालता न येनारे असतीन ना. त्यायले बरं हाये." आणि पुढचे आठ दिवस ते चिखलीच्या बसस्टँडवर तसा रस्ता कुठून कुठे न्यावा याचं चित्र काढत होते. त्यात बस पकडायला धावणारं कोणीच नव्हतं. सगळे निवांत उभे.

पण त्यांचा खरा ध्यास वेगळा होता. लिफ्टमध्ये माणूस आडवा बसला पाहिजे.

मी यायच्या आधी इमारतीतल्या एका आजारी गृहस्थांना चादरीत गुंडाळून, उभं करून, दोन बाजूंनी धरून लिफ्टने खाली नेलं होतं. त्यांची मान सावरायला मास्तर आत होते. ते गृहस्थ दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. कसेही नेले असते तरी पोचले नसते, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मास्तर म्हणत, "जिता मानूस पोत्यावानी उभा केला आपन." त्यांची मागणी साधी होती. लिफ्टच्या मागच्या भिंतीला खालच्या बाजूस एक कोनाडा काढायचा, त्याला झडप करायची. एरवी बंद. स्ट्रेचर आलं की झडप उघडायची, पाय आत सरकवायचे, दार मिटेल. कोण बसतो आणि कोण नाही, याचा अंदाज घेण्यासाठीच ते सगळ्यांची उंची विचारत.

हे त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा बायकांनी कानावर हात ठेवले. "सणासुदीचं काय बोलून राह्यले मास्तर," कोणीतरी म्हणालं. चेअरमन म्हणाले, "आडवं व्हायची घाई कोणाला आहे इथे?" सगळे हसले.

मास्तर उठले. मीटिंग खालच्या पार्किंगमध्येच होती, लिफ्ट समोरच. ते गेले आणि सगळ्यांच्या देखत लिफ्टच्या फरशीवर उताणे झोपले. पांढरा शर्ट, छातीवर हात. कोपऱ्यातून कोपऱ्यात झोपले तरी पाय बाहेरच राहत होते. दार मिटायला आलं, पायाला लागलं, उघडलं. पुन्हा मिटायला आलं, पुन्हा उघडलं. मास्तर छताकडे पाहत आतून बोलत होते, "पाहा. पाहून घ्या. कोनाचेबी राहतीन बाहेर." दार येत होतं, जात होतं. लोक पोट धरून हसत होते. शांताकाकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "उठा आता. चांगला सदरा मातीत घातला." मीटिंग तिथेच संपली. निर्णय काहीच झाला नाही.

त्यानंतर लिफ्ट कायमची बंद पडली. मेकॅनिकने दोर पाहिला आणि म्हणाला, आता मी हात लावणार नाही, सगळंच नवं बसवावं लागेल. मीटिंगवर मीटिंगा झाल्या. पहिला मजला म्हणाला, आम्ही लिफ्ट वापरत नाही. दुकानवाले म्हणाले, आमचा काय संबंध. वरचे म्हणाले, जाहिरातीत होती. बिल्डर फोन उचलत नव्हता. दारावर 'बंद' अशी पाटी लागली. कोणीतरी लिफ्टसमोर जुना सोफा आणून टाकला, त्यावर हळूहळू सगळ्यांचं भंगार जमत गेलं. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं घरातच राहू लागली. सुलोचनाबाई गॅलरीतून दोरीने पिशवी सोडत. गच्चीवरचं संध्याकाळचं बसणं बंद झालं. इमारत मुकी झाल्यासारखी झाली. मास्तर मात्र तहसीलपासून आमदारांच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे चित्र घेऊन जाऊन आले. सगळ्यांनी चित्राचं कौतुक केलं.

एका दुपारी मास्तरांनी माझं दार वाजवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. म्हणाले, "सर, जरा वर येता का? शांता बोलून नाई राह्यली."

काकू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलं होतं, उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. ॲम्ब्युलन्स आली, स्ट्रेचर घेऊन माणसं वर निघाली आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर त्यांना कळलं की ते वळणार नाही. स्ट्रेचर परत गेलं. आम्ही काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, साडीने खुर्चीला बांधलं आणि चौघांनी खुर्ची उचलली. मास्तर खालच्या बाजूला, पाठ करून, एकेक पायरी मागे मागे उतरत काकूंची पावलं दोन्ही हातांत धरून होते. वळणावर खुर्ची तिरपी करावी लागे, मान लोंबकळे, कोणीतरी ती सावरे. चौथा मजला, तिसरा, दुसरा. घरोघरची दारं उघडी, त्यात माणसं उभी. मला सारखं वाटत होतं की आता मास्तर म्हणतील, "मानूस इसरले." पहिल्या मजल्यावर चेअरमन दारात उभे होते. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते फक्त एवढंच म्हणत होते, "भिंत हाये. हळू. पाय लागते तिचा."

बुलढाण्याहून संभाजीनगरला हलवलं. काकू वाचल्या. उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणं थोडं आलं, जड, अडखळत. पण आठवणींचं काहीतरी विस्कटलं होतं. माहेर आठवत होतं, मधली सगळी वर्षं पुसट झाली होती. मास्तर म्हणजे घरात वावरणारा कोणी भला गडी आहे, असं त्या धरून चालत. त्यांना 'भाऊ' म्हणत.

चौथ्या मजल्यावर त्यांना न्यायचा प्रश्नच नव्हता. मुलगा पुण्याला घेऊन गेला. महिना गेला नाही तोच दोघं परत आले. मी मास्तरांना विचारलं, काय झालं?

"लिफ्ट लय चांगली हाये त्यायची," मास्तर म्हणाले. "लाइट गेली तरी चालते. आरसा हाये. आडवा मानूस खुशाल बसते." मग थांबून म्हणाले, "पन खाली उतरून जायाचं कोठी? वळखीचं कुत्रंही नाई तिथं."

खालचं एक मोबाइलचं दुकान बंद पडलं होतं. मास्तरांनी ते भाड्याने घेतलं आणि तिथेच संसार थाटला. मागच्या अंगाला मोरी होती, तिथे बारीकसं दार होतं. मध्ये पडदा लावला, पडद्यापुढे काकूंची खाट. सकाळी शटर वर करायचं, काकूंना उशीला टेकवून बसवायचं. समोरचा खणलेला रस्ता, येणारी-जाणारी माणसं, त्यांना दिसत राहत.

शटर उघडं आणि आत बाई बसलेली, म्हटल्यावर लोक थांबून विचारू लागले, "काय मिळते इथं?" मास्तर पहिले काही दिवस "काही नाई, घर हाये" असं सांगत. लोक ओशाळून निघून जात. पण कोणी विचारलं की काकू मान उचलत, डोळे हलत, हे मास्तरांनी टिपलं. एका सकाळी ते बाजारातून मेथी, वांगी, मिरच्या घेऊन आले आणि खाटेपुढे फळीवर मांडल्या. काकूंचं माहेर भाजीवाल्यांचं, आयुष्याची सुरुवात भाजीच्या वाफ्यात झालेली. डावा हात आपोआप मेथीकडे गेला. पिवळं पान शोधून त्यांनी ते खुडलं.

तेव्हापासून ते दुकान झालं. त्यात मिळकत काही नव्हती, उरलेली भाजी दोघं खात. काकू गिऱ्हाइकाशी बोलत. वाक्य अर्ध्यात राही, शब्द हरवे, गिऱ्हाईक घाईत असे. मास्तर पडद्याआडून येऊन हलकेच म्हणत, "थांबा ना थोडं. ती सांगून राह्यली काही." बहुतेक लोक थांबत. काही थांबत नसत.

मध्यंतरी चेअरमन बदलले. नवे चेअरमन तिसऱ्या मजल्यावरचे, त्यामुळे लिफ्टचा विषय पुन्हा निघाला. एका कंपनीचा माणूस येऊन मापं घेऊन गेला. मी उत्साहाने मास्तरांना सांगायला गेलो. म्हटलं, तुमचं ते कोनाड्याचं चित्र द्या, आता ऐकतील.

ते मिरच्यांचे देठ बघत होते. "कोठी हाये कोन जाने," म्हणाले. "असन वरतं." त्यांनी मला काहीच विचारलं नाही. कोणती कंपनी, केबिन केवढी, काहीच नाही. मी घरी आलो. त्या दिवशी मला जिना फार लांब वाटला. लिफ्ट अजून बसलेली नाही. मला वाटतं, बसणारही नाही.

परवा कॉलेजातून येताना उशीर झाला. ऊन उतरलं होतं. दुकानापुढे दोन-तीन गिऱ्हाइकं होती आणि त्यांच्या मागे, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, हातात कापडी पिशवी धरून मास्तर उभे होते. रांगेत. मी हाक मारणार होतो. त्यांनी बोटानेच मला गप्प केलं.

पुढची माणसं गेली. मास्तर खाटेसमोर आले.

"काय पाह्यजे भाऊ?" काकूंनी विचारलं.

"मेथी द्या."

काकूंनी डाव्या हाताने एक जुडी उचलली, फिरवून पाहिली, ठेवून दिली. दुसरी उचलली. तिच्यातली दोन पानं खुडून टाकली. याला बराच वेळ लागला. मास्तर पिशवीचं तोंड उघडं धरून उभे होते.

"घरी... कोन हाये?"

"मंडळी हाये."

"तिले... आवडते काय मेथी?"

"हाव. लय आवडते."

काकूंनी चार मिरच्या वर टाकल्या. काहीतरी सांगायचं होतं, सापडत नव्हतं. मास्तर थांबले. मीही थांबलो. शेवटी ते आलं. "दाना टाकून... पातळ कर म्हनाव."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

पिशवी घेऊन ते रस्त्याने पुढे गेले आणि इमारतीच्या कोपऱ्याला वळले. मागच्या दाराची कडी वाजली. मी वांगी निवडायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळलो. थोड्या वेळाने पडदा बाजूला करून मास्तर आले. इस्त्रीचा शर्ट उतरवला होता, अंगात रोजची बंडी होती. ते खाटेशी बसले आणि खुडलेली पानं गोळा करू लागले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा उजळलेला होता. बोलल्या त्या न अडखळता बोलल्या.

"आता एक मानूस येऊन गेला भाऊ. चांगला होता. बायकोसाठी मेथी घेऊन गेला."

"असन," मास्तर म्हणाले, आणि काकूंच्या पदरावर पडलेलं एक पान उचललं.